निरुपयोगी बेट

बोनेरच्या पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जागोजागी पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड ठेवलेले आहेत. प्रत्येक दगडावर एक नाव. दगड दिसला की गाडी थांबवायची, तोंडावर मास्क आणि स्नॉर्केलची नळी, पायांत फिन्स चढवायचे आणि दहा-वीस पावलांवर समुद्रात उतरायचे. प्रवाळ किनाऱ्याला इतके लागून आहे की बोटीची गरज पडत नाही. दिवसभरात असे तीन-चार दगड करायचे, अशी इथल्या सुट्टीची रीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा मामेभाऊ म्हणाला, "ताई, सकाळी सॉल्ट पिअर झाला. आता जेवणाआधी व्हाइट स्लेव्ह करू. रेड स्लेव्हला प्रवाह जोराचा असतो, तुला नाही जमायचं."

त्याच्या बोलण्यात वावगे काहीच नव्हते. ती त्या जागांची नावे आहेत. नकाशात तीच आहेत, दगडांवर तीच आहेत आणि संध्याकाळी हॉटेलच्या कट्ट्यावर ओले टॉवेल खांद्यावर टाकून बसलेली माणसेही तीच बोलतात. पण माझा धंदा अनुवादाचा. कानावर पडलेल्या वाक्याचे मनातल्या मनात मराठी करण्याची खोड वीस वर्षांत हाडात मुरली आहे. 'जेवणाआधी पांढरा गुलाम करू. तांबड्या गुलामाला प्रवाह जोराचा असतो.' वाक्य मराठीत आले आणि तिथेच अडकले. हा लेख त्या अडकण्यातून निघाला आहे.

बोनेर हे कॅरिबियन समुद्रातले, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरचे बेट. क्षेत्रफळ २८८ चौरस किलोमीटर, वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. शेजारच्या अरुबा आणि क्युरासाव या बेटांप्रमाणे तेही डच साम्राज्यातले. २०१० च्या ऑक्टोबरात 'नेदरलँड्स अँटिलीज' हा जुना संघ मोडला, तेव्हापासून बोनेर नेदरलँड्सची एक विशेष नगरपालिका आहे. म्हणजे अटलांटिकपलीकडे सात-आठ हजार किलोमीटरवर असलेल्या हेगच्या सरकारचा हा एक वॉर्ड म्हणायला हरकत नाही. माझा मामेभाऊ बारा वर्षे नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. अ‍ॅमस्टरडॅमहून थेट विमान जाते, तिकडच्या गारठ्याला कंटाळलेली माणसे फेब्रुवारीत इथे येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने आणि त्याच्या बायकोने मलाही सोबत नेले.

पहिल्या दिवशी पाण्यात डोके घातले तेव्हा मी नळीतून श्वास घ्यायचेच विसरले होते. वीस-पंचवीस मीटरपर्यंत सगळे आरपार दिसत होते. वाऱ्याने हलणाऱ्या झाडीसारखे डुलणारे जांभळे सागरपंखे, निळ्या सर्जनमाशांचे थवे आणि चोचीने प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे. कुरतडण्याचा तो करकर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. पोपटमासा प्रवाळाबरोबर चुनखडीही खातो आणि तिचे पीठ करून मागे सोडतो. कॅरिबियन किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूतला मोठा भाग असाच तयार झालेला आहे. वरून बघताना वाटते, एवढे नितळ पाणी म्हणजे निसर्गाचे दान. ते खरेच आहे, पण त्या दानाला एक कारण आहे आणि बेटाचा सारा इतिहास त्याच कारणाशी बांधलेला आहे.

बोनेरवर पाऊस फार कमी पडतो. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या घरात. आमच्या कोकणात तेवढा एखाद्या आठवड्यात पडून जातो. बेटावर नदी नाही. नदी नाही म्हणून समुद्रात गाळ येत नाही आणि गाळ नाही म्हणून पाणी नितळ. पूर्वेकडून बारमाही व्यापारी वारे वाहतात, त्यामुळे पश्चिमेचा किनारा आडोशाला शांत राहतो. ऊन, वारा आणि कोरडी जमीन या तीनच गोष्टी या बेटाकडे भरपूर आहेत. पाचशे वर्षांत तिथे आलेल्या प्रत्येकाने याच तीन गोष्टी पाहिल्या आणि प्रत्येकाने त्यांचा वेगळा हिशेब मांडला.

पहिला हिशेब स्पॅनिशांचा. १४९९ मध्ये आलोन्सो दे ओहेदाच्या मोहिमेतून ही बेटे युरोपला ठाऊक झाली. इथे काकेतियो लोक राहत होते. ते मासेमारी करत, मका पिकवत. बेटाच्या उत्तरेला ओनिमा इथे चुनखडीच्या कपारीत त्यांनी तांबूस रंगाने काढलेली चित्रे अजून दिसतात. स्पॅनिशांना सोने हवे होते. ते इथे नव्हते, आणि शेतीला पाणीही नव्हते. १५१३ मध्ये या तिन्ही बेटांवर शिक्का बसला, 'इस्लास इनुतिलेस'. निरुपयोगी बेटे. बेटे निरुपयोगी ठरली, पण त्यांच्यावरची माणसे मात्र उपयोगी ठरली. १५१५ च्या सुमारास काकेतियोंना पकडून हिस्पानिओलाला, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या बेटावर, मजुरीसाठी नेण्यात आले. बेट जवळजवळ रिकामे झाले. पुढे काही जण परतले, काही नव्याने आणले गेले, गुरे-बकऱ्या-गाढवे सोडली गेली. पण बेटाच्या नावे पहिली सरकारी नोंद झाली ती त्या एका विशेषणाची.

काकेतियोंची भाषा आरावाक कुळातली. ती आज कुणी बोलत नाही. त्याच कुळातली ताइनो भाषा मोठ्या बेटांवर बोलली जाई. तीही गेली, पण तिचे काही शब्द जहाजांवर चढून जगभर पांगले. रताळ्याला ताइनो लोक 'बटाटा' म्हणत. तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी बसून कोकण किनाऱ्याला लागला आणि वेगळ्याच कंदाला चिकटला. क्रालेन्डाइकच्या बाजारात भाजीवाल्या बाईंनी 'बटाटा' म्हटले तेव्हा मी दचकून वर पाहिले. घरापासून इतक्या दूर आपल्याच भाजीचे नाव. खरे तर ते त्यांच्याच समुद्रातून आपल्याकडे आलेले. आपण वडा तळताना एका मेलेल्या भाषेतला शब्द रोज उच्चारतो, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या बाजाराने नीट समजावले.

दुसरा हिशेब डचांचा. तो मिठाचा.

डचांचे वैभव हेरिंग माशावर उभे होते आणि हेरिंग टिकवायला मीठ लागे. हे मीठ ते पोर्तुगाल आणि स्पेनच्या किनाऱ्यावरून आणत. पण स्पेनशी ऐंशी वर्षे चाललेल्या स्वातंत्र्ययुद्धात ती बंदरे त्यांना बंद झाली. तेव्हा डच जहाजे मीठ शोधत व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचली. १६३४ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीने क्युरासाव घेतले आणि १६३६ मध्ये बोनेर. बोनेरच्या दक्षिण टोकाला जमीन समुद्रसपाटीला टेकलेली आहे. आत खाऱ्या पाण्याची उथळ तळी आहेत, वर ऊन आणि वारा. स्पॅनिशांनी ज्या गोष्टींसाठी बेट टाकून दिले, नेमक्या त्याच गोष्टी डचांना हव्या होत्या.

ही सालावळ वाचताना मला माझे आजोळ आठवले. दुसरी डच कंपनी, म्हणजे पूर्वेकडची, १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला उतरली. त्या वखारीची पडकी वास्तू अजून उभी आहे. मामाकडे शिरोड्याला गेलो की एकदा तरी वेंगुर्ल्याची फेरी होई आणि आम्ही मुले त्या भिंतींवर चढत असू. बोनेर आणि वेंगुर्ले, एका वर्षाच्या अंतराने, एकाच देशाच्या दोन वहीखात्यांत नोंदवले गेले. वेंगुर्ल्यात डच व्यापारी म्हणून आले, इथल्या राजवटींची मर्जी सांभाळत राहिले आणि गेले. बोनेरवर त्यांना मर्जी सांभाळावी असे कुणी उरले नव्हते. तिथे ते मालक म्हणूनच आले.

आणि शिरोडे तर मिठागरांचे गाव. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह मराठी वाचकाला माहीत असतो. मला त्याआधी माहीत होती ती मिठागरे. बांधाने अडवलेले खाडीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायचे, दर वाफ्यात ते दाट होत जाते आणि शेवटच्या वाफ्यात तळाशी खडे धरू लागते. मग ते ओढून काठावर ढीग लावायचे. पाऊस आला की चार महिने सगळे बंद. बोनेरवर हेच चालते, पण पाऊस येऊन काम थांबवत नाही. पाणी दाटत जाते तसे त्यात गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव वाढतात. तळी गुलाबी होतात आणि त्याच अन्नसाखळीवर जगणारे फ्लेमिंगोही गुलाबी होतात. पर्यटकांच्या छायाचित्रांतला तो प्रसिद्ध गुलाबी रंग म्हणजे मीठ पिकत आल्याची खूण. आज हा धंदा कारगिल या अमेरिकन कंपनीकडे आहे. मिठाचे शुभ्र पिरॅमिड दूरवरून दिसतात आणि एका लांब पट्ट्यावरून मीठ थेट जहाजात पडते. त्या धक्क्याचे खांब प्रवाळांनी मढले आहेत. तोच सॉल्ट पिअर, आमचा सकाळचा दगड.

पट्टा येण्याआधी ते मीठ माणसांच्या डोक्यावरून जात होते.

क्युरासाव हे त्या काळी डचांच्या गुलामव्यापाराचे मोठे ठाणे होते. आफ्रिकेतून आणलेली माणसे तिथून बोनेरवर आणली गेली. काहींना शिक्षा म्हणूनही इकडे धाडले जाई. मिठागरांत, मक्याच्या शेतांत, रंगाचे लाकूड तोडण्यात त्यांना जुंपले गेले. १७९१ च्या अखेरीस वेस्ट इंडिया कंपनी बुडाली, तेव्हा तिची इतर मालमत्ता जशी सरकारजमा झाली, तशी ही माणसेही झाली. बोनेरचे वेगळेपण इथे आहे. इथे उसाचे मळे नव्हते, मळेवाल्यांची मोठी घरे नव्हती. जवळजवळ सारे बेटच सरकारी मळा होते आणि बहुतेक गुलाम सरकारच्या मालकीचे. बेटावरच्या पापियामेंतू भाषेत त्यांना 'कातिबू दि रेइ' म्हणतात.

या तीन शब्दांचे मराठी करायला मी तीन दिवस घालवले. 'रेइ' म्हणजे राजा, 'दि' हा षष्ठी दाखवणारा शब्द. प्रश्न 'कातिबू'चा. हा शब्द पोर्तुगीज 'कातिवू'वरून आला, त्यामागे लॅटिनमधला 'पकडलेला' या अर्थाचा शब्द. म्हणजे पापियामेंतूतल्या शब्दाला मुळातली कृती आठवते. कुणीतरी कुणालातरी पकडले होते. इंग्रजीतला 'स्लेव्ह' स्लाव्ह लोकांच्या नावावरून आला, त्याला कुणाला पकडले ते आठवते. आपला 'गुलाम' अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ पोरगा. त्याला यातले काहीच आठवत नाही, उलट तो पत्त्यांच्या डावात आणि गझलेत सुखाने नांदतो.

मग मी आपल्याच घरातले शब्द काढले. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या नोंदी आहेत. त्यांची खरेदी-विक्री, वय, किंमत, कुठल्या कोठीवर नि कुठल्या पागेकडे कामाला हेही. दुष्काळात विकलेल्या, लढाईत धरून आणलेल्या, 'बदकर्मा'च्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या बायका. सरकारी कारखान्यांत राबणाऱ्या कुणबिणी आणि सरकारी मिठागरात राबणारे कातिबू यांच्यात समुद्रांचे अंतर असले तरी वहीतली ओळ सारखीच दिसते. नाव, वय, काम, किंमत. गुलामगिरी म्हटले की आपल्याला जहाजे आणि कापसाचे मळे आठवतात, म्हणजे दुसऱ्यांचा इतिहास आठवतो. शब्द शोधायला गेले की तो आपल्या दप्तरातही सापडतो. शेवटी मी 'राजाचे बंदी' असे केले. ते पूर्ण बरोबर नाही, पण त्यात पकडण्याची आठवण राहते.

व्हाइट स्लेव्हच्या दगडापाशी आम्ही उतरलो तेव्हा उजवीकडे समुद्र होता आणि रस्त्याच्या कडेला, वाळूतच, चुना दिलेल्या दगडी खोल्यांची एक रांग. १८५० च्या सुमाराची ही बांधकामे. त्याच रांगेशेजारी एक उंच पांढरा स्तंभ. १८३७ च्या सुमारास किनाऱ्यावर चार ठिकाणी असे स्तंभ उभारले गेले. पांढरा, तांबडा, निळा आणि नारिंगी. तीन रंग डच झेंड्याचे, चौथा राजघराण्याचा. मीठ न्यायला येणाऱ्या जहाजाने कुठल्या मिठागरासमोर नांगर टाकायचा, त्याची ती खूण. म्हणजे 'पांढरा' हे विशेषण मिठागराचे आणि 'गुलाम' हा शब्द समोरच्या खोल्यांचा. दोन्ही एकत्र आले, अक्षरे गाळली गेली आणि पोहण्याच्या जागेला नाव मिळाले.

खोलीचे दार माझ्या कमरेला लागत होते. आत रांगतच जावे लागते. आत गेल्यावरही छपराच्या मधल्या कण्याखालीच काय ती नीट उभी राहू शकले. एक लहानशी झरोकावजा खिडकी समुद्राकडे. अशा खोलीत दिवसभर मिठागरात राबलेली माणसे नुसती पाठ टेकायला येत. त्यांची घरे आणि कुटुंबे बेटाच्या उत्तरेला रिंकॉनमध्ये. समुद्रावरून दिसू नये अशा दरीत वसलेले ते बेटावरचे सर्वांत जुने गाव. आठवड्याच्या अखेरीला ही माणसे मिठागरातून निघत, सात तास चालून रिंकॉनला पोचत आणि पुन्हा सात तास चालून कामावर हजर होत. आम्ही तेच अंतर सकाळी गाडीने पाऊण तासात कापले होते, मध्ये आइस्क्रीमला थांबून.

मामेभावाला डच येते. मी विचारले, "याला डचमध्ये काय म्हणतात?"

"स्लाफनहाउशेस," तो म्हणाला.

"म्हणजे गुलामांची घरे?"

"घरं नाही. घरकुलं. डचमध्ये शेवटी ते 'शे' लावलं की छोटं, गोडसं होतं. कॉफीचा कप असो की मांजर, ते सगळ्याला लावतात." तो थोडा वेळ दाराकडे बघत राहिला. "इतकी वर्षं मी हा शब्द वाचतोय. कधी कानाला लागला नव्हता."

मीठ भरणाऱ्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर मला दुसऱ्या बेटावरच्या पुस्तकाकडे वळावे लागले. मेरी प्रिन्स ही बर्म्युडात जन्मलेली गुलाम स्त्री. तिला टर्क्स बेटावरच्या मिठागरांत विकले होते. १८३१ मध्ये लंडनला तिची कहाणी प्रसिद्ध झाली. एका कृष्णवर्णीय स्त्रीची ब्रिटनमध्ये छापली गेलेली ती पहिली आत्मकथा मानली जाते. पहाटेपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहणे, वरून ऊन, पायांना हाडापर्यंत पोचणाऱ्या जखमा आणि त्या जखमांत मीठ, हे सगळे तीत आहे. ती कहाणी तिने सांगितली, दुसऱ्या स्त्रीने लिहून घेतली आणि तिसऱ्याने संपादित केली. अनुवादकाला ही साखळी ओळखीची असते. तीन हातांतून आले तरी जखमेचे वर्णन जखमेचेच राहते. शिरोड्याला मिठागरात काम करणाऱ्यांच्या पायांच्या भेगा मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांना संध्याकाळी घरी जाता येई आणि दिवसाची मजुरी मिळे, मग ती कितीही तुटपुंजी असो. या दोन गोष्टी काढून घेतल्या तर काय उरते, याचा अंदाज मला त्या कमरेएवढ्या दारात आला.

१ जुलै १८६३ रोजी डच वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. सुरिनाममध्ये माणशी ३०० गिल्डर. तिथे मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवरच राबावे लागले. ती दहा वर्षे संपत आली तेव्हा, १८७३ च्या जूनमध्ये, 'लल्ला रुख' नावाचे जहाज कलकत्त्याहून भारतीय गिरमिटिये घेऊन सुरिनामला पोचले. सरनामी हिंदुस्तानीची कहाणी तिथे सुरू होते. बोनेरला ऊस नसल्याने तसे जहाज आले नाही. इथे सरकारने काही वर्षांतच जमिनी आणि मिठागरे विकून टाकली, आणि कालचे राजाचे बंदी खासगी मालकांचे मजूर झाले. मिठाला भाव राहिला नाही तशी माणसे बाहेर पडली. विसाव्या शतकात क्युरासाव आणि अरुबाच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांनी बोनेरचे तरुण ओढून घेतले. बेट पुन्हा एकदा निरुपयोगी झाले.

तिसरा हिशेब आपला, म्हणजे पर्यटकांचा.

दुसऱ्या महायुद्धात क्रालेन्डाइकला डच सरकारने जर्मन नागरिकांसाठी नजरकैदेची छावणी उभारली होती. युद्ध संपल्यावर तिथल्याच बराकींत बेटावरचे पहिले हॉटेल सुरू झाले. १९६२ मध्ये डॉन स्टुअर्ट हा अमेरिकन खलाशी इथे येऊन स्थिरावला. 'कॅप्टन डॉन' या नावाने त्याला सगळे ओळखतात. बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडू नये म्हणून कायमचे बोये बसवायची टूम त्याने लावून धरली. बेटानेही लवकर कायदे केले. १९६१ मध्ये कासवांच्या संरक्षणाचा, १९७१ मध्ये भाल्याने मासेमारीला बंदी घालणारा, १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यावर. १९७९ मध्ये भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा सारा किनारा सागरी उद्यान झाला. जगातल्या सर्वांत जुन्या सागरी उद्यानांत त्याची गणना होते. हे सगळे मनापासून कौतुकाचे आहे. मी पाण्यात जे पाहिले ते या कायद्यांमुळे उरले आहे.

पण उरले आहे ते मुळात का होते, हेही विसरता येत नाही. पाऊस नाही म्हणून मळे झाले नाहीत. मळे झाले नाहीत म्हणून माती धुपून प्रवाळावर गेली नाही. बेट सोन्याला, उसाला, कापसाला नालायक ठरले म्हणून त्याचे पाणी नितळ राहिले. ज्या उन्हात मीठ पिकते त्याच उन्हासाठी आम्ही विमानाचे तिकीट काढले होते. पोहून आल्यावर ज्या वाळूत पाठ टेकून मी पडले होते, ती त्या खोल्यांच्या दारातलीच वाळू.

संध्याकाळी मी मामेभावाला विचारले, की या जागांची नावे बदलावीत असे वाटते का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बदलली तर 'पांढरी वाळू' वगैरे काहीतरी ठेवतील. मग कुणी विचारणारच नाही." मला ते पटले, आणि पूर्ण पटलेही नाही. नाव राहिले तर वापरून वापरून गुळगुळीत होते, काढले तर पुसले जाते. शब्दांच्या धंद्यात हा पेच रोजचा आहे. एखादा काटेरी मूळ शब्द तसाच ठेवावा की वाचकाला कळेल असा करून द्यावा? मी बहुधा ठेवण्याच्या बाजूची असते. पण ठेवला तर त्याच्याभोवती एक वाक्य तरी लिहावे लागते. पिवळ्या दगडावर त्या वाक्याला जागा नाही.

ते वाक्य आज बोनेरवर कोण लिहिते? नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी १९ डिसेंबर २०२२ रोजी गुलामगिरीबद्दल राज्याच्या वतीने माफी मागितली. भाषणात त्यांनी पापियामेंतूतही माफीचे शब्द उच्चारले आणि हा क्षण म्हणजे पूर्णविराम नसून स्वल्पविराम आहे, अशा अर्थाचे म्हणाले. पुढच्या वर्षी १ जुलैला राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही माफी मागितली. 'राजाचे बंदी' या शब्दांना दीडशे वर्षांनी त्यातल्या राजाकडून उत्तर आले.

स्वल्पविरामानंतरचे वाक्य मात्र बेटाच्या भाषेत लिहिले जायला हवे आणि तिथे अडचण आहे. घरात, बाजारात, रेडिओवर पापियामेंतू. शाळेत आणि कचेरीत वजन डचचे. बोनेरवर जन्मलेला सर्वांत प्रसिद्ध लेखक कोला देब्रोत. जन्म १९०२, क्रालेन्डाइकचा. १९३५ मध्ये पुस्तकरूपाने आलेली त्याची 'माझी बहीण, ती काळी मुलगी' अशा अर्थाच्या नावाची लघुकादंबरी कॅरिबियनमधल्या डच साहित्याचा आरंभ समजली जाते. गोऱ्या मळेवाल्याचा मुलगा युरोपातून घरी परततो, एका काळ्या मुलीकडे ओढला जातो आणि ती आपल्याच बापाची मुलगी असल्याचे त्याला कळते. हे त्याने डचमध्ये लिहिले. ज्या बहिणीची ती गोष्ट आहे तिच्या भाषेत नाही.

पापियामेंतू ही गुलाम आणि मालक, ज्यू व्यापारी आणि खलाशी यांच्या व्यवहारातून घडलेली भाषा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश शब्द, आफ्रिकी भाषांच्या खुणा, वर डचचा थर. तिच्या दूरच्या चुलत बहिणी आपल्याकडेही आहेत. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीजांपासून घडलेली एक छोटी बोली अजून बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, आपली भाषा. मालकाच्या शब्दांतून माणसांनी आपली भाषा करून घेतली, हे दोन्ही किनाऱ्यांवर घडले. मिठागरांतल्या लोकांजवळ स्वतःचे म्हणून जे थोडे होते, त्यातले हे सर्वांत टिकाऊ निघाले. दगडी खोल्यांना पुन्हा पुन्हा चुना द्यावा लागतो, भाषेला बोलणारी माणसे पुरतात.

शेवटच्या दिवशी मी एकटीच व्हाइट स्लेव्हला पुन्हा उतरले. पाणी गळ्याशी आले तेव्हा मागे वळून पाहिले. पांढरा स्तंभ आणि खोल्यांची रांग. बहुधा इथूनच होड्या मीठ घेऊन जहाजाकडे जात. मग डोके पाण्यात घातले आणि नेहमीसारखी सगळे विसरले. एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, पण आसपासचे काही प्रवाळ पांढरेफटक पडले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र फार तापला होता. त्याच वर्षी प्रवाळांना खाऊन टाकणारा एक रोगही बेटापर्यंत पोचला.

मी तिथे होते त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, बोनेरच्या आठ रहिवाशांनी ग्रीनपीस नेदरलँड्सबरोबर हेगच्या न्यायालयात डच सरकारवर खटला भरला होता. समुद्र चढतो आहे, बेटाचा दक्षिण भाग पाण्यापासून हातभरच वर आहे, आणि युरोपातल्या डच किनाऱ्याला जसे बांध घालून जपता तसे आम्हालाही जपा, अशी त्यांची मागणी होती. बुडण्यात पहिला नंबर लागेल तो मिठागरांचा आणि त्या चुना दिलेल्या खोल्यांचा. एका बेटाचा उपयोग काय, हा प्रश्न पाचशे वर्षे दुसऱ्या कुणीतरी विचारला आणि दुसऱ्या कुणीतरी त्याचे उत्तर दिले. या वेळी न्यायालयासमोर बेटावरची माणसे स्वतः उभी होती.

परतीच्या विमानात फिन्सच्या पिशवीतून वाळू सांडली. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'कातिबू दि रेइ, राजाचे बंदी. पुन्हा पाहणे.'